तोरणमाळ

तोरणमाळ : महाराष्ट्र राज्याच्या खानदेश विभागातील, सातपुडा पर्वतावरील एक लहान गाव व थंड हवेचे ठिकाण. हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सु. १,१५० मी. उंचीच्या पठारावर वसले आहे. शहाद्यापासून हे सु. ५५ किमी., तर नंदुरबारपासून सु. ९० किमी. अंतरावर आहे. १९०६ पर्यंत हा प्रदेश अखंड खानदेश जिल्ह्यात होता. त्या वर्षी जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाल्यावर तो पश्चिम खानदेशात (नंतरचा धुळे जिल्हा) गेला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून तोरणमाळ त्यात आहे. जुने ग्रंथ व अनेक नकाशे यांत ते धुळे जिल्ह्यात दाखविलेले आढळते, त्याचे कारण हेच. ब्रिटिश कागदपत्रांत या स्थळाचा उल्लेख ‘तुरणमल’ असा येतो.

नावाच्या दोन उपपत्ती प्रचलित आहेत. पठारावर व उतारांवर बोरीच्या कुळातील ‘तोरण’ नावाची काटेरी झुडुपे वाढतात. त्यांचा माळ तो तोरणमाळ, ही एक. येथील तोरणादेवीवरून गावास नाव मिळाले, ही दुसरी. देवीचे नाव झुडुपावरून आले की कसे, हे ठरविणे कठीण असले, तरी वनस्पतींवरून गावांना व देवस्थानांना नावे पडण्याची रीत खानदेशात सर्वत्र आढळते.

भूरचना : तोरणमाळ येथे सातपुड्याची रचना स्पष्टपणे पाहावयास मिळते. उत्तरेस नर्मदेचे व दक्षिणेस तापीचे खोरे खचलेले आणि मधला भाग उचललेला, असे या पर्वताचे स्वरूप आहे. दोन्ही बाजूंच्या विभंगांमुळे त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आहेत. शहाद्याच्या सपाट काळ्या जमिनीवरून उत्तरेकडे पाहिले असता डोंगर हळूहळू चढत गेलेले दिसत नाहीत; ते एकाएकी उभे राहतात. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले व त्यांचे बेसाल्ट बनले. तोरणमाळच्या चढणीवर हे थर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग उघडे पडलेले असल्याने दख्खनच्या या खडकांचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी येथील खडकांचे नमुने घेतले आहेत. दक्षिणेकडील नंदुरबार-धुळे परिसरात लाव्हा जमिनीच्या भेगांत थिजून बनलेल्या भित्तींची (डाइकांची) संख्या मोठी आहे. शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या दगडी वरंब्यांसारख्या त्या प्रवाशास रस्त्यावरूनच दिसतात.

लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असल्याने माथ्यावर शिखराऐवजी विस्तीर्ण, किंचित ऊंचसखल पठार तयार झाले आहे. कठीण थरांखाली मऊ, सच्छिद्र किंवा लाल मातीचे पातळ थर आहेत. पाण्याने मऊ थर झिजतात, वरचा कठीण थर निराधार होऊन कोसळतो व कडा उभाच राहतो. पठाराच्या कडेवरील खोल दऱ्या व पावसाळी धबधबे यांच्या मुळाशी हीच क्रिया आहे. उत्तर उतारावरचे पाणी नर्मदेस, तर दक्षिणेकडील ओढ्यांचे पाणी गोमाई नदीतून प्रकाशे येथे तापीस मिळते. अशा रीतीने तोरणमाळच्या आसपास पडणारा पाऊस भारताच्या दोन मोठ्या पश्चिमवाहिनी नद्यांत वाटला जातो.

उंचीच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे. पर्यटनविषयक लेखनात तोरणमाळचा उल्लेख महाबळेश्वरच्या खालोखाल राज्यातील दुसरे उंच गिरिस्थान असा पुष्कळदा केला जातो. वस्तुतः पाचगणी याहून उंच आहे. तोरणमाळची उंची विदर्भातील चिखलदऱ्याच्या जवळपास असून माथेरान, खंडाळा, लोणावळा यांपेक्षा ती बरीच अधिक आहे. याच तालुक्यातील अस्तंभा (१,३२५ मी.) हे शिखर सातपुड्याच्या महाराष्ट्रातील उंच शिखरांत गणले जाते व मध्य प्रदेशातील धूपगड (सु. १,३५० मी.) या सातपुड्याच्या सर्वोच्च शिखराहून ते थोडेच कमी आहे.

हवामान : खानदेशच्या सपाटीवर उन्हाळा अत्यंत कडक असतो. भुसावळ, जळगाव येथे मे महिन्यात पारा ४५° से. च्याही वर जातो. हवेचे तपमान दर हजार मीटर उंचीस सरासरीने सु. ६.५° से. कमी होते. शहाद्याची सपाटी आणि तोरणमाळचे पठार यांच्या उंचीत सु. १,००० मी. फरक असल्याने दोन तासांच्या प्रवासात प्रवासी सहा-सात अंशांनी थंड हवेत येतो. तोरणमाळला उन्हाळ्यात भर दुपारी ऊन जाणवते, पण सायंकाळी वारा सुटतो आणि रात्र सुखाची होते. सपाटीवर मात्र रात्रीही भिंती तापलेल्या असतात. हिवाळ्यातील थंडी बोचरी असते आणि काही वर्षी पहाटे गवतावरील दव गोठून त्याचा पांढरा थर दिसतो.

तापी खोऱ्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून तेथे पाऊस बेताचा पडतो. सातपुड्याचा हा पश्चिम भाग मात्र गुजरातच्या मैदानावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या वाटेवर असल्याने डोंगरावर सपाटीपेक्षा अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात पठार अनेकदा धुक्यात बुडालेले असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीसाठी व पायी भटकंतीसाठी सर्वांत अनुकूल होय.

वनश्री व प्राणिजीवन : पायथ्याची व मधल्या उतारांची वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग, अंजन, सालई, धावडा, तिवस, खैर, मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा हे त्यांतील प्रमुख वृक्ष होत. माथ्याकडे आंबा, जांभूळ, करवंद व तोरण यांचे प्रमाण वाढते. ओलसर घळींमध्ये नेचे व आमरे आढळतात. सफेद मुसळीसारख्या औषधी वनस्पतींसाठीही हा भाग प्रसिद्ध आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात ‘सातपुडा उपपत्ती’ मांडली. पूर्व हिमालयातील काही जीवजाती सह्याद्रीतही आढळतात, मधल्या प्रदेशात मात्र त्या दिसत नाहीत. त्या जाती प्राचीन काळी विंध्य-सातपुड्याच्या ओल्या डोंगररांगेवरून पश्चिमेकडे आल्या असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या उपपत्तीवर पुढे बरेच आक्षेप घेण्यात आले. तथापि सातपुड्याच्या पश्चिम टोकावरील तोरणमाळसारख्या उंच, थंड पठारांचे जीवशास्त्रीय महत्त्व तिच्यामुळे लक्षात आले.

या परिसराचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांत झाले ते रानपिंगळ्यामुळे. या लहान घुबडाचे पहिले शास्त्रीय वर्णन अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये छत्तीसगढ भागातील नमुन्यावरून केले. जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागातील काही नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणासही खात्रीलायकपणे आढळला नाही व तो नष्ट झाला असावा असे मानण्यात येऊ लागले. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला नमुना हा दुसऱ्या संग्रहातून चोरलेला जुनाच नमुना असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्याच्या खोट्या नोंदीमुळे शोध चुकीच्या ठिकाणी होत राहिला होता. ही नोंद बाजूला सारून डेव्हिडसन यांच्या जुन्या स्थळांकडे वळलेल्या पॅमेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळील सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा आढळला. शंभरांहून अधिक वर्षांनी लागलेल्या या शोधानंतर तो तोरणमाळ व तळोदे येथील वने, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मेळघाट इ. ठिकाणीही दिसून आला. इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री हिंडत नाही. दिवसाही शिकार करतो आणि सरडे, पाली, उंदीर यांवर जगतो. सागाच्या विरळ वनात उंच फांदीवर शेपटी हलवीत बसलेला हा पक्षी सकाळच्या वेळी दिसण्याचा संभव असतो. त्याचे अस्तित्व पोकळ्या असलेल्या जुन्या झाडांवर अवलंबून असल्याने अशा झाडांची तोड हाच त्याला मुख्य धोका आहे.

इतिहास व परंपरा : पौराणिक युवनाश्व राजाची राजधानी तोरणमाळ येथे होती, अशी परंपरा सांगितली जाते. पठारावर जुन्या तटबंदीचे अवशेष दिसतात व त्यावरून हे स्थान कोणे एके काळी लष्करी दृष्ट्या महत्त्वाचे असावे, असे दिसते. नाथ संप्रदायाशी या स्थळाचा संबंध दृढ आहे. तलावाजवळ गोरक्षनाथांचे मंदिर असून उतारावर मच्छिंद्रनाथांची गुंफा व नागार्जुनाचे स्थान आहे. महाशिवरात्रीस गोरक्षनाथांची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश व गुजरातमधूनही भाविक येतात आणि त्यांतील अनेक जण नवस फेडण्यासाठी पायथ्यापासून चालत डोंगर चढतात. आदिवासी व सपाटीवरचा शेतकरी हे या यात्रेत एकत्र येतात. तोरणमाळला वर्षातील सर्वांत मोठी गर्दी आजही या यात्रेचीच असते. हौशी प्रवाशांची गर्दी तिच्यापुढे किरकोळ ठरते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरांतील भिल्लांचा प्रतिकार मोडण्यास लष्करी उपाय अपुरे पडल्यावर १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्लांचेच पथक उभारले. तरीही सातपुडा पूर्णपणे शांत झाला नाही. १८५७-५८ च्या उठावात खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली येथील भिल्ल इंग्रजांशी लढले. याच शतकात माथेरान (१८५०), महाबळेश्वर, पचमढी, चिखलदरा येथे इंग्रजांनी बंगले, बाजार, चर्च व रस्ते उभारून गिरिस्थाने वसविली. उंची, पाणी व हवा यांत उणेपणा नसताही तोरणमाळच्या वाट्याला ते आले नाही. सातपुड्याच्या जंगलांची हिवतापाबद्दल असलेली कुप्रसिद्धी, गाडीरस्त्याचा अभाव आणि मोठ्या लष्करी ठाण्यापासून वा राजधानीपासून असलेले अंतर ही त्याची कारणे होत. परिणामी वसाहतकालीन वास्तू, मॉलसारखा फिरण्याचा रस्ता किंवा मोठी बाजारपेठ येथे नाही. येथील वस्ती आजही मूलतः आदिवासी खेड्याची आहे आणि इतर गिरिस्थानांहून तोरणमाळचे वेगळेपण यातच आहे.

लोकजीवन : अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो व त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तोरणमाळ परिसरात पावरा व भिल्ल यांची वस्ती प्रामुख्याने आढळते. पावरा लोक आपले पूर्वज पावागडाकडून आल्याचे सांगतात. त्यांची पावरी बोली मराठीहून निराळी असून तिचे भिलीशी व निमाडीशी नाते आहे. गावे सलग नसून विखुरलेल्या पाड्यांची बनलेली असतात. प्रत्येक कुटुंबाचे घर बहुधा स्वतःच्या शेतात असते. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती व वर कौले अशी घरांची रचना असते. ज्वारी, मका, भगर, तूर व उडीद ही पिके उतारावरच्या हलक्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर घेतात. मोहाची फुले, चारोळी, डिंक व तेंदूची पाने ही वनोपजे रोख उत्पन्न देतात. उन्हाळ्यात कच्चे आंबे सोलून, फोडी करून उन्हात वाळविलेला आमचूर हा धडगावच्या बाजारातील महत्त्वाचा माल आहे. अलीकडच्या काळात डाब व आसपासच्या थंड गावांत स्ट्रॉबेरीची लागवडही होऊ लागली आहे.

होळी हा येथील सर्वांत मोठा सण. त्यापूर्वीच्या आठवड्यातील बाजार ‘भोंगऱ्या’ या नावाने ओळखले जातात. होळीच्या काळात बावा, बुध्या इ. सोंगे घेतलेले पुरुष मोरपिसांचा टोप, कमरेस घुंगरू वा भोपळे व अंगावर राखेचे पट्टे अशा वेशात रात्रभर नाचतात. हे सोंग केवळ करमणुकीचे नसते. ते घेणारे लोक काही दिवस व्रतस्थ राहतात. ढोल, मांदळ व पावरी ही वाद्ये या वेळी वाजतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळी विशेष प्रसिद्ध आहे. नवसाचा इंदल व वाघदेवाची पूजा हेही येथील महत्त्वाचे विधी होत. पाहुण्याने अशा प्रसंगी आमंत्रणावाचून मध्ये शिरू नये व विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत, असा शिष्टाचार आहे.

प्रेक्षणीय स्थळे : पठाराच्या मध्यभागी यशवंत तलाव असून गावाचे सर्व जीवन त्याच्याभोवती फिरते. तलावास बाराही महिने पाणी असते व त्यात नौकाविहाराची सोय आहे. जवळच कमळांनी भरलेला कमळ तलाव आहे. सीताखाई ही पठाराच्या कडेवरची खोल दरी असून तिचे नाव रामकथेशी जोडले जाते. पावसाळ्यात तीत धबधबा कोसळतो आणि समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी ऐकू येतो. खडकी पॉइंटवरून नर्मदेच्या बाजूस उतरत गेलेल्या एकामागून एक रांगा दिसतात. हाच प्रदेश पूर्वी शूलपाणीची झाडी म्हणून नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांना परिचित होता. सूर्यास्त पाहण्याची जागा, वन उद्यान व मच्छिंद्रनाथ गुंफेकडे जाणारी पायवाट यांकडेही प्रवासी वळतात. अंतरे फार नसल्याने ही सर्व स्थळे पायी पाहणे शक्य आहे व तेच श्रेयस्कर होय. कड्यांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत. पावसाळ्यात शेवाळलेला बेसाल्ट अतिशय निसरडा होतो आणि धुक्यात कडा कोठे संपतो हे कळत नाही. अशा वेळी स्थानिक वाटाड्याशिवाय दरीच्या बाजूस जाणे धोक्याचे ठरते.

गिर्यारोहकांस अस्तंभा शिखराचे आकर्षण असते. महाभारतातील अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन या डोंगरांत भटकतो व वाटसरूंकडे तेल मागतो, अशी लोकसमजूत आहे. धनत्रयोदशीपासून दिवाळीच्या दिवसांत हजारो लोक रात्री दिवट्यांच्या उजेडात हे शिखर चढतात.

परतीच्या वाटेवर प्रकाशे येथे थांबता येते. तापी-गोमाई संगमावरील या तीर्थास ‘दक्षिण काशी’ म्हणतात. १९५४-५५ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले. शहाद्याजवळील उनपदेव येथे उष्ण पाण्याचा झरा आहे, तर सारंगखेडे येथे दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्याच रांगेत रावेर तालुक्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण व १९६९ मध्ये स्थापन झालेले यावल अभयारण्य आहे. खानदेशच्या उत्तर सीमेवरील या स्थळांचा एकत्रित प्रवास अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गाने चोपडे, शिरपूर, शहादे असा करता येतो.

दळणवळण : सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार व दोंडाईचे ही जवळची रेल्वे स्थानके होत. तेथून शहाद्यास व पुढे तोरणमाळला राज्य परिवहनाच्या गाड्या जातात. शहादे सोडल्यावर ऊस, पपई, केळी व कापूस यांची बागायती शेते लागतात. राणीपूरनंतर सपाटी संपून डोंगर सुरू होतो आणि सातपायरी घाटाने रस्ता वर चढतो. एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखी त्याची वळणे वरून पाहिल्यास एका दृष्टिक्षेपात येतात. घाट अरुंद असल्याने दिवसा, सावकाश प्रवास करणे इष्ट ठरते. निवासासाठी वन विभागाचे विश्रामगृह व काही पर्यटक निवास आहेत. सोयी मर्यादित असल्याने यात्रेच्या व सुट्यांच्या काळात आगाऊ व्यवस्था करणे आवश्यक असते. इंधन, औषधे व विशेष सामान शहाद्यासच घ्यावे.

प्रश्न व भवितव्य : प्रवाशाला तोरणमाळपर्यंत चांगला रस्ता मिळतो; त्यापलीकडे नर्मदेकडे उतरणाऱ्या पाड्यांची स्थिती निराळी आहे. तेथील रस्ते अपुरे असून दरीच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या वाटांवर प्रवासी जीपगाड्यांचे भीषण अपघात झाले आहेत. रुग्णास अथवा बाळंतपणासाठी अडलेल्या स्त्रीस बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरविण्याची वेळ अनेक पाड्यांवर येते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते आणि साक्षरतेत (सु. ६४ टक्के) हा जिल्हा राज्यात शेवटच्या क्रमांकावर होता. सुगी संपली की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी वा बांधकामाच्या कामासाठी गुजरातेत व सपाटीवर स्थलांतर करतात. त्यामुळे पर्यटनाचा मोसम ऐन भरात असताना गावातील धडधाकट माणसे पोटासाठी बाहेर गेलेली असतात. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली आणि तेथील कुटुंबांना सपाटीवर वसवावे लागले. तोरणमाळचे पठार पाण्याखाली गेले नाही, परंतु नदीकाठच्या नातलग गावांशी असलेले त्याचे जुने संबंध तुटले.

वनांची स्थितीही चिंताजनक आहे. विसाव्या शतकातील तोड, अतिक्रमण व वणवे यांमुळे अक्राणीचे अनेक डोंगर उघडे पडले. वृक्षाच्छादन कमी झाले की पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते, उतारावरची माती धुपते व ओढे हिवाळ्यातच आटतात. पठारावरील तलाव भरलेला असताना खालच्या पाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रिया झिऱ्यांतून वाटीवाटीने पाणी भरतात, हा विरोधाभास यातून निर्माण झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाल्यास वनांचे रक्षण व उपजांची विक्री ग्रामसभेस करता येते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या लहान आदिवासी गावाने सामूहिक निर्धाराने तोड थांबवून वन पुन्हा उभे केले व त्याबरोबर पाणी आणि शेतीही सुधारली. या कार्याचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. तोरणमाळच्या उतारांवर असे होऊ शकणार नाही, असे मानण्यास कारण नाही.

पर्यटनवाढीची अपेक्षा तोरणमाळबाबत दीर्घकाळ व्यक्त होत आली आहे. तिचा विचार करताना इतर गिरिस्थानांचा अनुभव उपयोगी पडतो. अनिर्बंध बांधकाम, वाहनांची दाटी, सांडपाणी व प्लॅस्टिकचा कचरा यांनी अनेक ठिकाणची हवा व पाणी बिघडले. याउलट माथेरानने गावात मोटारींना मज्जाव करून आपले स्वरूप बरेचसे राखले. तोरणमाळचे पठार लहान आहे व त्याचा पाणीपुरवठा मुख्यतः एका तलावावर अवलंबून आहे. म्हणून येथे किती लोक आणावे यापेक्षा हा तलाव किती लोकांचा भार पेलू शकेल, हा प्रश्न आधी सोडविणे अगत्याचे आहे. वाटाडे, न्याहारी व निवास, आमचूर, चारोळी व मध यांची विक्री ही कामे स्थानिकांच्या हाती राहिली, तर स्थलांतरास पर्याय मिळू शकेल. ती बाहेरच्यांच्या हाती गेली, तर पावरा व भिल्ल यांच्या वाट्यास केवळ हलकी मजुरी येईल.

इंग्रजी अमदानीत दुर्लक्षित राहिल्यामुळे तोरणमाळ इतर गिरिस्थानांच्या चुकांपासून वाचले. रस्ता व प्रसिद्धी या दोहोंमुळे ते अंतर आता कमी होत आहे. उन्हाळ्यात खानदेशची सपाटी तापते तेव्हा थंडाव्यासाठी या पठाराकडे येणाऱ्यांची संख्या वाढतच जाणार. त्या थंडाव्याचा आधार असलेले उतारावरचे वन आणि ते राखणारी माणसे टिकली, तरच तोरणमाळचे गिरिस्थान म्हणून असलेले महत्त्व टिकेल.